ताप तर सगळ्यांनाच आला होता: सोलापुरातील एक प्रकरण अभ्यास

जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेची गर्दी ओसरत आली असताना, सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरात पाच जणांना एकापाठोपाठ ताप आला. चौघे घरीच बरे झाले. पाचव्याला, ५४ वर्षांच्या घरच्या कर्त्या माणसाला, अतिदक्षता विभागात बाय-पॅपच्या, म्हणजे श्वासाला जोर देणाऱ्या यंत्राच्या, मास्कखाली ठेवावं लागलं. ताप एकच, घर एकच, मग हाच माणूस एवढा का खचला, हा या लेखाचा विषय आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. वॉर्डात सगळे त्यांना अण्णा म्हणत, इथेही तेच म्हणतो.

घर आणि माणसं

अण्णा टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला. वयाच्या सोळाव्या वर्षापासून विडी. दिवसाला एक बंडल, म्हणजे वीस-पंचवीस विड्या. कामाच्या पाळीत कमी, रात्री जास्त. बायको घरी विड्या वळते. पानं भिजवणं, कापणं, तंबाखू भरणं, दोरा गुंडाळणं, सगळं दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत. मुलगा गणवेशाच्या शिलाई कारखान्यात आहे, वय २९, रोज सात-आठ सिगारेटी. सून घर सांभाळते, तंबाखूला कधी हात नाही. नातू चार वर्षांचा, बालवाडीत जातो. त्याला याआधीही सर्दीबरोबर छातीत घरघर होऊन वाफ द्यावी लागली होती.

अण्णांना सकाळचा खोकला दहा वर्षांपासून होता. जिना चढताना धाप लागायची, पण ती वयाची म्हणून सोडून दिलेली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, टीबी होऊन गेलेला नाही. त्यामुळे "मला काय आजार नाही" हे ते मनापासून सांगत, आणि घरच्यांचाही त्यावर विश्वास होता. छातीची तपासणी आयुष्यात एकदाही झाली नव्हती.

आजार कसा वाढत गेला

पहिला ताप नातवाला. नाक गळणं, खोकला, चार दिवसांत पुन्हा खेळायला. मग सून आणि सासू एकाच दिवशी आडव्या झाल्या. अंगदुखी, तीन-चार दिवस ताप, आठवड्यात कामाला. मुलाचा तापही तेवढ्यातच गेला, पण त्याचा कफाचा खोकला तीन आठवडे राहिला.

अण्णांना शेवटी ताप आला. जवळच्या दवाखान्यात सुई घेतली, गोळ्या घेतल्या, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी ते पाळीवर गेले. सहाव्या दिवशी संध्याकाळी थंडी वाजून पुन्हा ताप भरला, उजव्या कुशीत श्वास घेताना कळ यायला लागली आणि कफाचा रंग गंजासारखा झाला. रात्री आडवं होता येईना. कफ सुटेल म्हणून त्यांनी त्या रात्रीही दोन-तीन विड्या ओढल्या. हा समज आपल्याकडे फार खोलवर आहे. विडीचा झुरका मारला की खोकल्याची उबळ येते, थोडा कफ पडतो, आणि माणसाला वाटतं छाती मोकळी झाली. घरच्यांनी सकाळ व्हायची वाट पाहिली.

अण्णांचा ताप फ्लूचा होता, हे पुढे तपासणीत कळलं. फ्लू उतरल्यावर एक-दोन दिवस बरं वाटून पुन्हा ताप चढणं, ही या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची खूण आहे. विषाणूने सोलून काढलेल्या श्वासमार्गावर जिवाणू बसले की असं होतं. १९१८ च्या साथीत गेलेल्या माणसांच्या फुफ्फुसांचे जे नमुने पुढे तपासले गेले, त्यांतल्या बहुतेकांत अशा दुसऱ्या, जिवाणूंच्या न्यूमोनियाच्या खुणा सापडल्या होत्या. ताप परतला तर सकाळची वाट पाहू नये, एवढं तरी प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

दाखल होताना

सकाळी आणलं तेव्हा अण्णा दोन-तीन शब्दांपलीकडे सलग बोलू शकत नव्हते. श्वास मिनिटाला ३४, नाडी १२४, ताप १०२.४. दोन्ही बाजूंना शिट्टीसारखे आवाज, उजवीकडे खाली न्यूमोनियाचे. बोटावरच्या ऑक्सिमीटरने ऑक्सिजन ८६ टक्के दाखवला.

या ८६ वर थोडं थांबायला हवं. साधं ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. नुकतीच विडी ओढलेल्या माणसात ते आकडा फुगवून दाखवतं. धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत अण्णांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडचं हिमोग्लोबिन ६ टक्के निघालं, म्हणजे ऑक्सिजन खरं तर ८० च्या आसपास होता. घरी ऑक्सिमीटर असलेल्या ओढणाऱ्या माणसाने हे लक्षात ठेवावं. त्याच तपासणीत रक्तातलं आम्ल वाढल्याचं दाखवणारा पीएच ७.२९ आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब ६१ होता. फुफ्फुस ऑक्सिजन आत घेण्यात कमी पडत होतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यातही.

एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढरा झालेला. बाकी फुफ्फुसं फुगलेली, श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडदा, सपाट झालेलं. हे फुगणं आठवड्याभरात होत नाही, ते वर्षानुवर्षांचं असतं. पांढऱ्या पेशी १९,२००. घशाच्या नमुन्यात फ्लूचा विषाणू, इन्फ्लुएंझा ए, एच३एन२. कफात न्यूमोकोकस, न्यूमोनियाचा एक जिवाणू. टीबीसाठी सीबीनॅट केली, कारण ओढणारा माणूस आणि खोकला म्हटलं की आपल्या भागात ती करायलाच हवी. ती निगेटिव्ह आली.

चौघं आणि पाचवा

पहिल्याच दिवशी मुलाने विचारलं, "ताप तर सगळ्यांनाच आला होता की डॉक्टर. यात विडीचा काय संबंध?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर टाळून उपदेश करण्यात अर्थ नाही. निरोगी माणसाच्या श्वासनळीला आतून बारीक केसांचं, म्हणजे पक्ष्माभिकांचं, अस्तर असतं. त्यांच्यावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो. धूळ, जंतू, विषाणू त्या थरात अडकतात आणि हे केस एका लयीत हलून तो थर सतत घशाकडे ढकलत राहतात, एखाद्या सरकत्या पट्ट्यासारखा. तंबाखूच्या धुराने ही लय मंदावते, केस आखूड होतात, काही ठिकाणी झडूनच जातात. त्याच वेळी कफ तयार करणाऱ्या पेशी वाढतात. कफ जास्त आणि तो बाहेर नेणारी यंत्रणा कमी. अण्णांचा दहा वर्षांचा सकाळचा खोकला तो हाच. जे काम केसांनी रात्रभर करायचं, ते सकाळी खोकून करावं लागत होतं.

दुसरी गोष्ट पेशींच्या आत घडते. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचे प्रथिन सोडते. शेजारच्या पेशींना त्यातून इशारा मिळतो आणि विषाणूची वाढ सुरुवातीलाच आटोक्यात येते. ओढणाऱ्यांच्या नाकातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना फ्लूचा विषाणू दिला तेव्हा हा इशारा क्षीण झालेला आढळला. पहिल्या दोन-तीन दिवसांत विषाणूला मोकळं रान मिळतं. शिवाय वायुकोशांत गस्त घालणाऱ्या भक्षक पेशी ओढणाऱ्यांत संख्येने वाढलेल्या असतात, पण जंतू गिळण्याचं काम त्या नीट करत नाहीत. संख्या वाढल्याने सूज मात्र वाढते.

माणसांवरचे पुरावेही जुने आहेत. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इस्रायली सैन्याच्या एका तुकडीतल्या ३३६ धडधाकट तरुणांत फ्लूची साथ पाहिली गेली. ओढणाऱ्यांपैकी ६८ टक्क्यांहून अधिक जणांना फ्लू झाला, न ओढणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना. कामावर न जाण्याइतका किंवा अंथरूण धरण्याइतका आजार ओढणाऱ्यांत निम्म्या जणांना झाला, इतरांत ३० टक्क्यांना. ही सगळी तरुण पोरं होती, बराकीत एकत्र राहणारी. म्हणजे चाळीस वर्षं ओढल्यावरच फरक पडतो असं नाही. अण्णांचा मुलगा तीन आठवडे खोकत राहिला, तो याच रांगेतला. इंग्लंडमध्ये सॉल्सबरीच्या सर्दी संशोधन केंद्रात स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम सर्दीचे विषाणू सोडून पाहिलं, तिथेही ओढणारे जास्त आजारी पडले. तिथे तर विषाणूची मात्रा संशोधकांच्या हातात होती, त्यामुळे "त्यांचा गर्दीशी संबंध जास्त येत असेल" हा आक्षेप उरत नाही.

आणि न्यूमोकोकस. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या ६५ वर्षांखालच्या प्रौढांत रक्तात पसरणाऱ्या न्यूमोकोकसच्या आजाराचा धोका ओढणाऱ्यांना सुमारे चौपट निघाला. स्वतः न ओढता दुसऱ्याचा धूर घेणाऱ्यांना अडीचपट.

एका घराच्या उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हे मी मुलालाही सांगितलं. अण्णा घरात वयाने मोठे. यंत्रमागाच्या शेडमधली सुताची धूळ तीसेक वर्षं त्यांच्या छातीत गेली आहे, तिचा वाटा नाकारता येत नाही. बाकी कोणाचा घशाचा नमुना तपासलेला नाही, त्यामुळे विषाणू एकच होता हा अंदाज आहे, भक्कम असला तरी. पण वयाच्या बाबतीत अण्णांची बायको त्यांच्याहून फक्त तीन वर्षांनी लहान आहे, ती चार दिवसांत उठली. माझ्या मते या घरात सगळ्यात मोठा फरक विडीनेच केला.

विडी हलकी असते, हा समज

अण्णांच्या शेजारच्या खाटेवरचे एक गृहस्थ म्हणाले, "सिगारेट वाईट, विडी पानाची असते." सोलापुरात हे वाक्य रोज ऐकू येतं. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा खूप कमी असतो हे खरं. पण तेंदूचं पान कागदासारखं सच्छिद्र नसतं आणि विडी ओढली नाही की विझते. ती पेटती ठेवायला झुरके जास्त आणि जोराने घ्यावे लागतात, धूर छातीत खोलवर जातो. मोजणी केली तेव्हा निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकंच किंवा जास्त निघालं. भारतात मृत्यूंच्या नोंदींवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी कमी झालेलं दिसलं.

त्याच गृहस्थांनी करोनाचाही दाखला दिला: ओढणाऱ्यांना तेव्हा काही झालं नाही म्हणे. ही अफवा हवेतून आलेली नाही. २०२० च्या सुरुवातीला काही रुग्णालयांच्या आकडेवारीत ओढणारे कमी दिसले आणि जगभर बातम्या झाल्या. पण दाखल झालेल्या अत्यवस्थ माणसाच्या कागदावर ओढण्याची नोंद नीट होतेच असं नाही, आणि आजारी पडल्यावर सोडलेला माणूस "सोडलेली" या रकान्यात जातो. पुढे ब्रिटनमधल्या लाखो लोकांच्या नोंदींवर काम झालं तेव्हा चालू ओढणाऱ्यांना करोनाने रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची शक्यता सुमारे ८० टक्क्यांनी जास्त निघाली. दुरुस्ती मात्र बातमीइतकी पसरली नाही.

उपचार, आणि दुसऱ्या दिवसाची रात्र

बाय-पॅप लावलं. ऑक्सिजनचं लक्ष्य ८८ ते ९२ ठेवलं, कारण कार्बन डायऑक्साइड साठवणाऱ्या रुग्णाला भरमसाट ऑक्सिजन दिला तर श्वास आणखी मंदावू शकतो. दोन प्रतिजैविकं, वाफेतून श्वासनलिका रुंदावणारी औषधं. फ्लूच्या विषाणूवरचं औषध ऑसेल्टामिविर, ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. ते पहिल्या ४८ तासांत सर्वांत उपयोगी, पण दाखल करण्याइतक्या आजारी रुग्णाला उशिरा का होईना द्यावं.

स्टेरॉइडचा निर्णय सोपा नव्हता. फ्लूच्या न्यूमोनियात ते सरसकट देऊ नये, दिलेल्यांत मृत्यू जास्त झाल्याचं दिसलं आहे. पण जुनाट श्वासनलिका-विकार, ज्याला आपण सीओपीडी म्हणतो, तो उफाळला असेल तर ते लागतं. अण्णांना सीओपीडी असल्याचं कोणी कधी मोजलं नव्हतं, मात्र फुगलेली छाती, शिट्ट्या आणि साठलेला वायू सगळे तेच सांगत होते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम फक्त पाच दिवस दिलं.

दुसऱ्या रात्री अण्णा मास्क ओढून काढायला लागले. घाम, हात थरथरणं, चिडचिड, "मला घरी सोडा". अशा वेळी पहिली शंका कार्बन डायऑक्साइड मेंदूला भिडल्याची येते, म्हणून लगेच रक्त तपासलं. पीएच सुधारून ७.३५ झाला होता. मग कारण उघड होतं. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच या माणसाला छत्तीस तास निकोटिन मिळालं नव्हतं. २१ मिलिग्रॅमची निकोटिनची पट्टी लावली, सिस्टरने जवळ बसून त्यांच्याशी तेलुगूत बोलत त्यांना शांत केलं, पहाटेपर्यंत मास्क टिकला. न्यूमोनियाच्या रुग्णाला निकोटिन देता कसं, असं मुलाने विचारलं. घात करतो तो धूर. पट्टीतून धूर जात नाही, आणि त्या रात्री मास्क निघाला असता तर नळी घालून व्हेंटिलेटरवर न्यायची वेळ आली असती. दाखल होणाऱ्या प्रत्येक ओढणाऱ्याला पहिल्याच दिवशी निकोटिनच्या तलफेबद्दल विचारायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

चौथ्या दिवशी बाय-पॅप सुटलं, दहाव्या दिवशी अण्णा घरी गेले.

घरी गेल्यावर

तिसऱ्या आठवड्यात ते तक्रार घेऊन आले. "विडी सोडली तर कफ वाढला की. आधी बरा होतो." ही तक्रार फार जणांची असते आणि इथेच पुष्कळ जण पुन्हा ओढायला लागतात. सोडल्यावर पक्ष्माभिका काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागतात, साठलेला कफ वर येतो, खोकला काही काळ वाढू शकतो. ताप नाही, धाप वाढत नाही, कफात रक्त नाही, तर घाबरायचं कारण नाही. हे त्यांना घरी सोडतानाच सांगून ठेवलं होतं, म्हणून ते दुकानाऐवजी दवाखान्यात आले.

सहा आठवड्यांनी फुंकून घ्यायची तपासणी, स्पायरोमेट्री, केली. औषध देऊनही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा अपेक्षेच्या ५२ टक्के, एकूण हवेशी तिचं प्रमाण ०.५४. सीओपीडी पक्का. गेलेली ताकद परत येत नाही, हे मी लपवलं नाही. पण अमेरिका आणि कॅनडातल्या दीर्घ अभ्यासात ११ वर्षांच्या अखेरीस असं दिसलं की ज्या पुरुषांनी सोडलं त्यांची ही क्षमता वर्षाला सुमारे ३० मिलिलिटरने घटली, आणि ज्यांनी चालू ठेवलं त्यांची ६६ ने. हे आकडे लिहून दिलेला कागद अण्णांनी घडी करून खिशात ठेवला.

सगळ्यात अवघड बोलणं त्यांच्या बायकोशी झालं. "मी वळते म्हणून घर चाललंय, डॉक्टर. तंबाखू घरात ठेवू नका म्हणता, मग खायचं काय?" सोलापुरात हजारो बायकांचं घर विड्या वळायच्या याच सुपावर चालतं, आणि पर्यायी काम हातात नसताना त्यांना "सोडा" म्हणणं मला पटत नाही. तंबाखूची धूळ श्वासातून आणि निकोटिन कातडीतून शरीरात जातं, हे मात्र तिला सांगितलं. वळण्याचं काम ओसरीत हलवलं, पोतं झाकून ठेवायचं, नाकाला कापड, उठल्यावर हात धुवायचे, नातवाने सुपाजवळ बसायचं नाही. हे सगळं अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, मनावर घेतलं. घरात कोणी पेटवायची नाही हा नियमही त्यांनीच केला, आणि ओढायची असेल तर मुलालाही त्या दाराबाहेर काढतात.

मार्चमध्ये एका लग्नात अण्णांनी पुन्हा ओढली. चार-पाच दिवस चाललं, मग स्वतःहून येऊन सांगितलं. पट्टीची मात्रा तेव्हा १४ वर आली होती, ती परत २१ केली आणि सोबत २ मिलिग्रॅमचं निकोटिनचं गम दिलं. १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्तीच्या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर त्यांचा फोन चालू आहे.

न्यूमोकोकसची लस दिली. फ्लूची लस दरवर्षी लागते. आपल्याकडे फ्लू वर्षात दोनदा वाढतो, जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्यात व त्यानंतर, म्हणून पाऊस लागण्याआधी ती घ्यायची ठरलं आहे. ती राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही, पदरचे पैसे लागतात, त्यामुळे घरच्यांनी आधी अण्णा आणि नातू अशी रांग लावली. मुलगा अजून रोज चार सिगारेटी ओढतो. स्पायरोमेट्रीला यायचं त्याने कबूल केलं आहे, तारीख दिली आहे.